करडी गल्ली

सहा फुटांच्या वर वाढलेल्या माणसाने जन्मभर वीतभर उंचीच्या इमारती बांधाव्यात, यात वाटप करणाऱ्याची काहीतरी गडबड झाली असावी, असं मला त्यांच्याकडे बघून नेहमी वाटायचं. दारातून आत येताना वाकायचं, खुर्चीत बसताना स्वतःची घडी घालायची, आणि मग टेबलावर जवळजवळ नाक टेकवून चिमट्याने एक खिडकी उचलायची. खिडकी म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी. ती जागेवर बसेपर्यंत श्वास धरायचा. त्यांच्या ओठांत कायम चार-पाच टाचण्या असत आणि सदऱ्याच्या कॉलरला आणखी मूठभर. म्हणून गल्लीने त्यांचं नाव टाचणीराव ठेवलं होतं. खरं नाव त्यांच्या लाइटबिलावर असेल. तोंडात टाचण्या असल्यामुळे ते बोलत कमी. त्यांच्या वाटचं सगळं बोलणं वहिनी बोलून टाकत.

टाचणीरावांचा धंदा मॉडेलं बनवण्याचा. एखादी शाळा, दवाखाना, वसाहत बांधायची ठरली, की ती झाल्यावर कशी दिसेल हे आधी टेबलावर करून दाखवायचं. झाडं स्पंजची, गवत रंगवलेल्या भुशाचं, पाणी काचेचं, माणसं मुंगीएवढी.

"माझ्या गावात कुणी आजारी पडत नाही, कुणी कुणाशी भांडत नाही," ते कधीतरी टाचण्या काढून म्हणायचे.

"म्हणूनच तिथं कुणी राहायला जात नाही," वहिनी आतून उत्तर द्यायच्या.

वहिनींना दिसत नव्हतं. म्हणजे उजेड आणि अंधार एवढं कळायचं, बाकी काही नाही. नजर लग्नानंतर हळूहळू गेली. त्याबद्दल कुणी हळहळ दाखवली तर त्या म्हणत, "अहो, लग्नाच्या वेळी मला स्वच्छ दिसत होतं, तरी मी यांना हो म्हटलं. डोळ्यांवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही हे मला तेव्हाच कळलं." हळहळणारा माणूस हसावं की नको या पेचात पडायचा आणि वहिनी त्याच्या हातात चहाचा कप द्यायच्या. कप बरोबर त्याच्या हातात पडायचा.

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचो. खाली त्यांचं दोन खोल्यांचं घर, त्यातली पुढची खोली म्हणजे कारखाना. या कारखान्याचा एक नियम होता. वहिनींचा हात फिरल्याशिवाय मॉडेल दाराबाहेर जायचं नाही. टाचणीरावांचं काम संपलं की ते बाजूला होत आणि वहिनी हात धुऊन, पुसून, टेबलाशी येत. मग त्यांची बोटं रस्त्यांवरून, छपरांवरून, कठड्यांवरून चालायला लागत. आपण एखाद्या ओळखीच्या माणसाच्या तोंडावरून हात फिरवावा तशी. टाचणीराव शेजारी परीक्षेला बसल्यासारखे उभे.

"तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी डिंक सांडलाय."

"कुठं गं?"

"जिन्याच्या उजवीकडे. त्या घरातली सून वेंधळी दिसते."

"पुसतो."

"आणि हे झाड रस्त्यात आलंय. गाडीवाला शिव्या देईल."

टाचणीराव झाड उपटून मागे लावत. वहिनी "आता जाऊ द्या" म्हणाल्या की मॉडेल गेलं. त्यांच्या संसारात यापेक्षा जास्त प्रेमाचं बोलणं मी ऐकलं नाही, आणि खरं सांगायचं तर कुणाच्याच संसारात ऐकलं नाही.

आमची गल्ली सरळ पाण्यावर जाऊन थांबायची. शेवटी दगडी धक्का. कधीकाळी तिथं मालाच्या होड्या लागत. आमच्या वेळेला उरलं होतं ते होड्या बांधायचे गंजके खुंट आणि एक लाकडी बाक. वहिनी रोज संध्याकाळी त्या बाकापर्यंत एकट्या जायच्या. घरातून निघायचं, डावा हात भिंतीला लावायचा, आणि भिंत सांगेल तसं जायचं. आधी आमच्या घराचा खरबरीत दगड, मग औषधाच्या दुकानाच्या गार फरश्या, मग सलूनची लाकडी चौकट. तिथं कात्रीचा आवाज थांबायचा आणि सलूनवाला म्हणायचा, "वहिनी, आज उशीर? ओव्हरटाइम?" त्या म्हणायच्या, "तू गिऱ्हाइकाच्या कानाकडे लक्ष दे." पुढे लोखंडी कठडा, आणि कठडा संपला की वारा. सोबत कुणी आलेलं त्यांना खपायचं नाही. "मला सोबत नको, वाट मोकळी ठेवा," एवढंच त्यांचं मागणं.

आणि गल्ली ती वाट मोकळी ठेवायची. डाव्या भिंतीला सायकल टेकवायची नाही, बादली ठेवायची नाही, पोत्यांची थप्पी लावायची नाही. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. नवा माणूस राहायला आला आणि त्याने भिंतीला स्कूटर लावली, की पाच मिनिटांत तीन घरांतून तीन माणसं बाहेर येत. "अहो, ती वहिनींची बाजू आहे." मलाही पहिल्याच दिवशी ट्रंक उचलायला लावली होती. आपसात पाण्याच्या नळावरून एकमेकांची तोंडं न बघणारी घरं होती त्या गल्लीत, पण डावी भिंत कुणी अडवली नाही.

मग पाण्याकाठच्या जमिनीची भानगड निघाली.

आमच्या भागात चार मजल्यांच्या वर बांधायचं नाही असा जुना नियम होता. तो बदलायचा, धक्क्यालगतची सगळी पट्टी उंच बांधकामाला खुली करायची, असं नगरपालिकेत चाललं होतं. एका कंपनीने तीन टॉवरचा आराखडा दिलाही होता. गल्ली पाडायची, सगळ्यांनी काही वर्षं दुसरीकडे राहायचं आणि टॉवर झाला की त्यात फुकट घर घ्यायचं. पहिल्या सभेला गल्ली लोटली. शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई सगळ्यांच्या पुढे. नगरपालिकेचे साहेब म्हणाले, "ज्यांची हरकत आहे त्यांनी उभं राहावं." सगळं सभागृह उभं राहिलं. मीसुद्धा राहिलो, पण भाडेकरू धरत नाहीत असं सांगून मला बसवण्यात आलं. साहेब म्हणाले, कागदावरच्या आकड्यांनी लोकांचा गैरसमज होतोय, पुढच्या सभेला कंपनी मॉडेल आणून दाखवेल, तुलनेला पायाशी आत्ताची गल्लीही असेल.

आणि ते मॉडेल बनवायला कंपनीच्या आर्किटेक्टबाई टाचणीरावांच्या दारात आल्या. पंचक्रोशीत असलं काम करणारा दुसरा होता कोण? बाई तरुण, बोलायला गोड. "काका, तुम्ही तर इथलेच! तुमच्यापेक्षा चांगलं कोण करणार?"

टाचणीरावांनी काम घेतलं. गल्लीत कुजबुज झाली. सलूनवाल्याने तर माझ्या मानेवर वस्तरा ठेवूनच विचारलं, "तुमचे घरमालक पार्टी बदलले काय?" वस्तरा मानेवर असताना माणूस वाद घालत नाही. मी घरी येऊन टाचणीरावांनाच विचारलं.

त्यांनी एकेक टाचणी ओठांतून काढून कॉलरला लावली. म्हणजे लांबलचक बोलायचा विचार होता.

"हे बघा, उंची कागदावर कळत नाही. अठ्ठावीस मजले म्हटलं की माणूस हो म्हणतो, त्याला काय, आकडाच तो. टेबलावर ठेवली की कळते. मी एक इंच कमी करणार नाही, एक इंच वाढवणार नाही. गल्लीच्या डोक्यावर तो टॉवर केवढा येतो ते लोकांना दिसलं पाहिजे. दुसऱ्या कुणाकडे गेलं असतं काम, तर त्यानं टॉवर बुटका केला असता."

"म्हणजे तुम्ही त्यांचंच मॉडेल वापरून त्यांना पाडणार?"

"पाडायचं कशाला? दाखवायचं. बघणाऱ्याला डोळे आहेत."

एवढं मनाशी पक्कं असूनही वहिनींपुढे मात्र ते या मॉडेलचं नाव काढेनात. काम सुरू झालं तसं त्यांनी पुढच्या खोलीचं मधलं दार लावून घेतलं. पूर्वी ते दार कधी लागत नसे. वहिनी चहा घेऊन आल्या की ते बाहेर येऊन कप घेत. वहिनी एकदा म्हणाल्या, "काय, आत कुणी पाहुणी आहे का?" टाचणीराव नुसतं हं हं करून आत गेले. ज्या टॉवरने आपल्या बायकोची वाट बंद होणार, तो तिच्याच घरात बसून घडवायचा, याची त्यांना लाज वाटत होती. हेतू कितीही चांगला असला तरी तिच्या बोटांसमोर तो सांगायचा धीर होत नव्हता. आणि मग सभेच्या दिवशी सकाळी टेम्पो आला, चौघांनी चादर घालून ते धूड उचललं, आणि त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा एक मॉडेल वहिनींचा हात न लागता दाराबाहेर गेलं.

सभा शाळेच्या हॉलमध्ये होती. चार टेबलं जोडून मधोमध मॉडेल, वर पांढरी चादर. टाचणीराव कोपऱ्यात उभे. इस्त्रीचा शर्ट, ओठ रिकामे. टाचण्यांशिवाय त्यांचं तोंड उघडं पडल्यासारखं वाटत होतं.

आर्किटेक्टबाईंनी चादर ओढली आणि म्हणाल्या, "जरा दिवे बंद करता का?"

हॉल अंधारला आणि टॉवर पेटले. तीन टॉवर, आणि प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक खिडकीत उजेड. कुठं पिवळा, कुठं पांढरा, एखादी खिडकी मुद्दाम बंद ठेवलेली, जसं खऱ्या इमारतीत कुणीतरी गावाला गेलेलं असतं. गॅलऱ्यांत कुंड्या, कुंड्यांत हिरवा ठिपका. कठड्याला वाळत घातलेला रुमाल, खाली काचेच्या पाण्यात सगळ्याचं प्रतिबिंब. मी टाचणीरावांची कितीतरी मॉडेलं बघितली होती, असं कधी बघितलं नव्हतं. त्यांना हयगय करून काही बनवताच येत नव्हतं हो. हात एकदा लागला की तो त्या वस्तूच्या बाजूचा व्हायचा.

हॉलमध्ये कुणीतरी "आयला!" म्हणालं. मग खुर्च्या सरकल्या आणि सगळी गल्ली टेबलाभोवती गोळा झाली. उंची बघून लोक दचकतील असं टाचणीरावांना वाटलं होतं. लोक दचकले नाहीत. ते घरं निवडायला लागले.

"तो बघ, कुंडीवाला मजला आपला."

"तुझ्या बायकोला दम लागतो, तुला खालचा."

"लिफ्ट आहे रे! दम कसला?"

सलूनवाला तर गुडघ्यांवर बसला होता आणि एका खिडकीत डोळा लावून आत बघत होता. त्याची आई तिसऱ्या मजल्यावर राहायची. दर आठवड्याला तिला खुर्चीत बसवून दोघांनी खाली आणायचं, दवाखान्यात न्यायचं, परत वर चढवायचं. जिन्याच्या वळणावर ती म्हातारी दर वेळी डोळे मिटून घ्यायची. तो बराच वेळ त्या खिडकीतून आत बघत राहिला. त्याला बोलायला कुणाचं तोंड होतं?

"आणि हे खाली करडं-करडं काय आहे?" औषधाच्या दुकानदाराने विचारलं.

"ती आपली गल्ली," कुणीतरी सांगितलं.

"एवढीशी?"

लोक हसले. मीही वाकून बघितलं. टॉवरच्या पायाशी करड्या फोमचे चौकोनी ठोकळे चिकटवले होते. उंची, रुंदी, वळण अगदी बरोबर. पण ठोकळेच. दार नाही, खिडकी नाही, छपराला कौल नाही, रंग नाही. दिवा तर नाहीच. औषधाचं दुकान, सलून, आमचं घर, सगळं एका जातीचं. साबणाच्या वड्या ओळीने वाळत ठेवाव्यात तसं. हे असंच करतात. जे बांधायचं आहे ते सजवायचं, जे आजूबाजूला आधीपासून आहे ते करड्या ठोकळ्यांनी दाखवायचं, म्हणजे बघणाऱ्याची नजर इकडेतिकडे जात नाही. ही त्या धंद्याची रीतच आहे. टाचणीरावांनी उभ्या जन्मात दुसऱ्यांच्या गल्ल्या अशाच करड्या केल्या होत्या, आणि त्याच हाताने, त्याच सवयीने, आपलीही केली. त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

गर्दी बाजूला सरकली. वहिनी येत होत्या. मास्तरीणबाईंनी हात पुढे केला होता, तो त्यांनी घेतला नव्हता.

"हात लावू नका हं आजी, नाजूक आहे," आर्किटेक्टबाई म्हणाल्या.

"लावू द्या," कोपऱ्यातून टाचणीराव म्हणाले. आवाज टाचण्या असल्यासारखाच आला.

वहिनींची बोटं टॉवरवर चढली. एकेक मजला, एकेक गॅलरी. कुंडीपाशी थांबली. "कुंड्यासुद्धा ठेवल्यात," त्या म्हणाल्या, आणि कौतुकानेच म्हणाल्या. रुमालापाशी त्यांना हसू आलं. "हा कुणाचा? तुमचाच असणार, पिळलेला दिसत नाही." लोक हसले. बोटं खाली उतरली, काचेच्या पाण्यावरून फिरली, आणि मग गल्लीवर आली. तिथं ती पुढे गेली, मागे आली, परत पुढे गेली. वाट चुकलेल्या माणसासारखी.

"इथं काय आहे? गुळगुळीत लागतंय."

त्यांनी तोंड टाचणीरावांच्या कोपऱ्याकडे वळवलं.

"अहो, इथं काय आहे?"

टाचणीराव पुढे आले. "आपली गल्ली."

"आपलं घर कुठलं?"

त्यांनी वहिनींचं बोट धरून एका ठोकळ्यावर ठेवलं. वहिनींनी तो चारी बाजूंनी चाचपला. डावीकडच्या भिंतीवरून बोट सरळ धक्क्यापर्यंत नेलं. एवढ्या वाटेत बोटाला सांगण्यासारखं काही लागलं नाही.

"याला दार नाही," त्या म्हणाल्या.

"नसतं करायचं. म्हणजे... पद्धत आहे तशी. जे आहे ते साधं ठेवतात."

"बरं," वहिनी म्हणाल्या, आणि हात काढून घेतला.

टाचणीरावांचा चेहरा तेव्हा मी बघितला. एवढा उंच माणूस इतक्या कमी जागेत मावताना मी पुन्हा कधी बघितला नाही.

दिवे लागले, लोक खुर्च्यांवर जाऊन बसले. साहेबांनी विचारलं, कुणाला बोलायचंय का? मास्तरीणबाई बोलल्या, चांगलं बोलल्या, पण लोकांच्या माना राहून राहून टेबलाकडे वळत होत्या. मग टाचणीराव उभे राहिले. सभेत उभं राहून बोलण्याची त्यांच्या आयुष्यातली ती पहिली वेळ.

"साहेब, मॉडेलमध्ये चूक झाली आहे."

साहेब सावध झाले. "मापात?"

"मापं बरोबर आहेत. खिडक्या राहिल्या."

"कुठल्या खिडक्या?"

"आमच्या."

साहेबांनी आर्किटेक्टबाईंकडे बघितलं. बाईंनी समजुतीचं हसू हसून मान हलवली. "ठीक आहे, काका," साहेब प्रेमळपणे म्हणाले, "त्या सवडीने लावून टाका." आणि हॉल हसला. वाईट हसला नाही, आपल्या माणसाला हसतात तसाच हसला. टाचणीराव आणखी काहीतरी बोलणार होते. त्यांचा हात कॉलरकडे गेला, तिथं टाचण्या नव्हत्या, आणि ते बसले.

"ज्यांची हरकत आहे त्यांनी उभं राहावं."

मास्तरीणबाई उभ्या राहिल्या. वहिनी उभ्या राहिल्या. टाचणीराव उभे राहिले. मागे दोन-तीन म्हातारी माणसं अर्धवट उठली आणि आजूबाजूला बघून खुर्ची नीट करायलाच उठल्यासारखी परत बसली. वहिनींना हे दिसत नव्हतं. त्यांनी हळूच विचारलं, "किती आहेत हो?"

टाचणीराव म्हणाले, "आहेत. बरेच आहेत."

वहिनींनी मान हलवली. खुर्च्या सरकल्याचा आवाज आला की नाही, हे काय त्यांना कळलं नसेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या खोलीतलं बोलणं जिन्यात ऐकू आलं. मधलं दार उघडं होतं.

"माझ्याकडे का नाही आणलंत?"

"लाज वाटली."

"म्हणजे बायकोला दाखवायची लाज वाटली आणि गावाला दाखवलंत."

मग वहिनींचाच आवाज, जरा उतरलेला. "आणि हे बघा, तुमच्या दिव्यांनी गल्ली गेली असं डोक्यात घेऊन बसू नका. एवढे काही मोठे लागून गेला नाहीत. लोकांना लिफ्ट हवी होती."

हे खरंही असेल. पण टाचणीरावांनी ते डोक्यात घेतलंच. नियम बदलल्याचं पत्रक लागलं, मग सामानाची बांधाबांध सुरू झाली, आणि या सगळ्या दिवसांत त्यांनी एकही नवं काम घेतलं नाही. मला वाटलं, हात थांबला. तसं नव्हतं. घर सोडायच्या आदल्या दिवशी त्यांनी वहिनींना टेबलाशी बोलावलं. टेबलावर आमची गल्ली होती. पुरी गल्ली. दगड खरबरीत, फरश्या गुळगुळीत, सलूनची चौकट लाकडाची, कठडा तारेचा, टोकाला बाक. प्रत्येक घराला दार, आणि दार ढकललं की उघडायचं. मला, आंधळा नसतानाही, डोळे मिटून त्यावर हात ठेवावासा वाटला.

वहिनींनी हात ठेवला. आमच्या दारापासून निघून बोट डाव्या भिंतीने बाकापर्यंत नेलं. या वेळी ते कुठंही अडखळलं नाही.

"छान झालंय," त्या म्हणाल्या.

टाचणीरावांनी श्वास सोडला.

"कुणाला तरी देऊन टाका. मास्तरीणबाईंना द्या, त्यांना आवडेल."

"अगं, तुझ्यासाठी केलंय."

"ते कळलं मला. पण मी बाहुली आहे का? बोटानं कुठं फिरायला जातात?" त्यांनी नवऱ्याचा दंड चाचपून धरला, जसं पोराची समजूत घालताना धरतात. "मला पायांनी जायचंय हो. वाऱ्यापर्यंत. तेवढं तुम्हाला बनवता येत नाही, त्याला तुम्ही तरी काय करणार?"

मॉडेल मास्तरीणबाईंकडे गेलं. गल्लीतली माणसं चिठ्ठ्या टाकून वेगवेगळ्या इमारतींत वाटली गेली. टाचणीराव आणि वहिनी पाण्यापासून लांब, गावाच्या दुसऱ्या टोकाला, पाचव्या मजल्यावर. तात्पुरतं, असं पत्रकात म्हटलं होतं. मी दुसरीकडे खोली घेतली आणि अधूनमधून त्यांच्याकडे जात राहिलो.

इमारत वाईट नव्हती. लिफ्ट होती, नळाला पाणी होतं. फक्त सगळे मजले एकसारखे, सगळे पॅसेज एकसारखे, सगळी दारं एकसारखी. टाचणीरावांनी दाराच्या चौकटीला पॉलिश पेपरची पट्टी चिकटवली, बोटाला कळावी म्हणून. पण खूण दाराला होती, दारापर्यंतच्या वाटेला नव्हती. पॅसेजमध्ये सायकली, चपलांचे स्टँड, पाण्याचे ड्रम. पहिल्याच आठवड्यात वहिनींची नडगी सोलवटली. टाचणीराव घरोघर जाऊन हात जोडून सांगून आले, डावी बाजू जरा मोकळी ठेवाल का. सगळे हो म्हणाले. दोन दिवस ठेवलीही. तिसऱ्या दिवशी कुणाचा तरी पाहुणा आला आणि सायकल परत भिंतीला लागली. मग बाकीच्याही हळूहळू आपापल्या जागी आल्या. ती माणसं वाईट नव्हती. त्यांना वहिनी माहीत नव्हत्या, एवढंच.

आता टाचणीराव त्यांना हाताला धरून न्यायचे. जन्मात कधी न्यावं लागलं नव्हतं, त्यामुळे त्यांना ते जमत नव्हतं. पाय लांब, चाल भराभर, आणि पायरी आली की सांगायची ती उतरून झाल्यावर.

"पायरी."

"हो, ती आत्ता मला लागली तीच ना?" वहिनी म्हणायच्या.

मागच्या वेळी मी गेलो तेव्हा वहिनींनी नवी हकीकत सांगितली, अगदी रंगवून. टाचणीराव दूध आणायला गेले असताना त्या एकट्याच खाली जाऊन आल्या होत्या. परत येताना लिफ्टमध्ये दुसऱ्या कुणीतरी बटण दाबलं आणि त्या वरच्या कुठल्यातरी मजल्यावर उतरल्या. दारं मोजत गेल्या, दार उघडं सापडलं, चौकटीला हात लावायचं राहिलं, आणि आत जाऊन खुर्चीवर बसल्या. शिवाय हाक मारली, "अहो, आलात का? चहा टाका."

"आणि आतून एक परका बाप्या म्हणाला, साखर किती?" वहिनी हसून हसून पदराने डोळे पुसत होत्या. "बिचाऱ्यानं खरंच चहा दिला हो! म्हणे, बसा आजी, घर तुमचंच आहे. मी म्हटलं, बाबा, तेच तर! मला पण तसंच वाटलं."

मी हसलो. टाचणीराव हसले नाहीत. ते भांडी विसळत होते आणि एकच कप कितीतरी वेळ विसळत होते.

"मग आता परत एकट्या कधी निघणार?" मी विचारलं.

"निघू की," वहिनी म्हणाल्या.

संध्याकाळ झाली. वहिनी उठल्या, तोंड धुतलं, केस नीट केले, चपला घातल्या आणि दाराजवळच्या खुर्चीत येऊन बसल्या. पाय जुळवून, हात मांडीवर. बाहेर पॅसेजमध्ये कुणीतरी सायकल ओढत नेत होतं.

"चल, मी आहे ना," टाचणीराव हात पुसत पुढे आले.

"थांबा, जरा गर्दी कमी होऊ दे."

पॅसेजमधली सायकल गेली. मग बराच वेळ कुणी आलं-गेलं नाही. टाचणीराव दारात तसेच उभे होते, चौकटीपाशी वाकून, दार एका हाताने उघडं धरून. मी निघायचा विचार करत होतो, पण त्या दारातून आधी मी कसा जाणार?

शेवटी वहिनींनी वाकून चपला काढल्या आणि चाचपून खुर्चीखाली सरळ ठेवल्या.

"उद्या बघू," त्या म्हणाल्या.

"हो," टाचणीराव म्हणाले, पण दार त्यांनी लावलं नाही.